एकूण वजा नाना

२ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, "नोंद ठेवा." कुत्र्याच्या डॉक्टरांचं म्हणतेय. माझ्या डॉक्टरांचं मी आजवर काही ऐकलेलं नाही, पण यांचं ऐकणार आहे. कपाटातून जुनं पार्सल-रजिस्टर काढलं. मागची निम्मी पानं कोरी आहेत आणि तारीख, वजन, शेरा असे रकाने छापलेलेच आहेत. आयतं काम झालं.

खाकी तेरा वर्षांचा आहे. रंग पार्सलच्या कागदासारखा, म्हणून आईने नाव ठेवलं खाकी. कमरेचे सांधे धरलेत, पायरी चढताना थांबून विचार करतो. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "थंडीचे चार महिने काढले तर आणखी दोन वर्षं सहज काढेल. उबेत ठेवा, रोज चालवा आणि वजन सांभाळा. वाढलं तर पाय बोलायला लागतील, घटलं तर थंडी झेपणार नाही." काल त्यांच्या काट्यावर अठरा किलो भरला. अठराच राहायला हवा.

आई ऑगस्टमध्ये गेली. खाकी तिचा होता, आता नानांचा आहे. नाना दिवसभर त्याच्याशी बोलतात. माझ्याशी, पोटच्या लेकीशी, बोलतात ते फक्त 'चहा झाला का' आणि 'टेम्पो आला का'. खाकीला या हिवाळ्यात काही झालं तर नानांचं कसं होईल, हा विचार मनात आला की मी दुसऱ्या कामाला लागते. म्हणून ठरवलंय. खाकी हा हिवाळा काढणार, काय वाटेल ते करावं लागलं तरी.

वजनासाठी दर आठवड्याला डॉक्टरांकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस पुढच्या खोलीतलं माझं पार्सल-ऑफिस बंद. आणि घरात पार्सलचा एवढा मोठा काटा असताना जायचं तरी कशाला? फक्त खाकी काट्यावर एकटा थांबत नाही. पत्रा हलला की उडी मारतो. माझ्याबरोबर तर चढतच नाही, कारण गोळ्या मी देते. नाना चढून उभे राहिले की मात्र त्यांच्या दोन पायांच्या मधे शहाण्यासारखा बसतो.

मग मी आपली रोजचीच रीत लावली. लाकडी पेटीतून माल आला की रिकाम्या पेटीचं वजन एकदाच करून पेटीवर लिहून टाकायचं, पुढे दर वेळी एकूण वजनातून पेटी वजा करायची. पेटीचं वजन काही रोज बदलत नाही. नाना एकटे एकसष्ट किलो. दोघे मिळून एकोणऐंशी. वजा जाता खाकी अठरा. डॉक्टरांच्या काट्याशी बरोब्बर जुळलं. बावीस वर्षं वजनं करतेय, उगाच नाही.

५ नोव्हेंबर

खाकीचं अंथरूण फरशीवरून उचललं. खाली पार्सलची लाकडी फळी, वर पुठ्ठ्याचे दोन थर, त्यावर गादी. दाराच्या फटीत कापडाची वळकटी. पाणी कोमट. फिरायला सकाळी सहाला न्यायचं नाही, दहाला न्यायचं, ऊन पडल्यावर. बाहेरून आला की पंजे पुसून कोरडे करायचे, बोटांच्या मधलं सुद्धा. नानांना सगळं सांगितलं, भिंतीवर कागद चिकटवला. नाना म्हणाले, "मला शाळेत घातल्यासारखं वाटतंय." म्हटलं, तसंच समजा.

कोपऱ्यावरच्या टेलरबाईंकडे आईचा राखाडी कोट दिला, खाकीचं जॅकेट शिवायला. लोकर चांगली आहे, कपाटात ठेवून काय करायचं. नाना बघत होते, मग उठून आत गेले. तेवढ्यात काउंटरवर माणूस आला, बरं झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

एकूण साडेअठ्ठ्याहत्तर. खाकी साडेसतरा. अर्धा किलो इकडेतिकडे चालायचंच.

नानांना म्हटलं, "तुमचा खाकी अर्धा किलो उतरला."

नाना म्हणाले, "अरेरे." आणि खाकीच्या कानामागे खाजवत बसले.

११ नोव्हेंबर

जॅकेट आलं. खाकी त्यात एखाद्या निवृत्त साहेबासारखा दिसतो. टेलरबाई पोटाखालची बटणं लावून गेल्या. फिरायला गेल्यावर तीन जणांनी थांबवून विचारलं, कुठून घेतलं. नाना सगळ्यांना सांगत होते, "आमच्या हिचं आहे." लोकांना वाटलं असेल माझंच.

घड्याळ सारखं मनगटावरून खाली घसरतं. पार्सलच्या दाभणाने पट्ट्याला नवीन भोक पाडलं. हल्ली पट्टेसुद्धा धड बनवत नाहीत, लगेच सैल पडतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

एकूण अठ्ठ्याहत्तर. खाकी सतरा.

आता चालायचं म्हणून सोडता येणार नाही. दोन आठवड्यांत किलोभर. जंताची गोळी आणली. भातात उकडलेलं अंडं सुरू केलं. नानांना सांगितलं, "हे असंच घटत राहिलं तर जानेवारी बघणार नाही हा." बोलून गेले आणि जीभ चावली. नानांचा चेहरा एवढासा झाला. पण मी काय करू, आकडे काही माझ्या मनासारखे येत नाहीत.

१८ नोव्हेंबर

काम इतकं आहे की काउंटरवरच उभ्याने दोन घास खाते. एका हाताने चिकटपट्टी, एका हाताने पाव. नानांचं ताट वाढून ठेवते, ते आत टेबलाशी बसतात. खाकी त्यांच्या खुर्चीखाली. ताट इतकं लख्ख पुसलेलं परत येतं की घासायची गरज नाही. नानांची भूक तरी शाबूत आहे, तेवढीच एक काळजी कमी.

२३ नोव्हेंबर, रविवार

खाकी साडेसोळा.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "खातो का? खेळतो का? डोळे कसे आहेत?" सगळं चांगलं आहे. नाक ओलं, डोळे चकचकीत, केस तर इतके दाट आलेत की हात आत जातो. दिसतोही भरलेला. डॉक्टर म्हणाले, "मग काळजी करू नका, घेऊन या एकदा." मी काही डोळ्यांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. थंडीचे केस फुगतात आणि आतलं हाड झाकतात. काटा केस मोजत नाही.

नानांना खाकीसमोरच सुनावलं, "बघा, अंडी खाऊनही उतरतोय. पोटात जातंय कुठे?" खाकीने माझ्याकडे बघून जांभई दिली.

३० नोव्हेंबर, रविवार

सोळा. भात वाढवला, कोंबडीचं सूप सुरू केलं. नानांनाही तेच सूप देते, एका भांड्यात दोन कामं.

आज फिरताना नाना बागेच्या अलीकडच्या बाकावर दोनदा बसले. मी म्हटलं, "त्याच्यासाठी थांबताय ना? बरं करताय. दम लागत असेल त्याला." खाकी शेपटी हलवत उभा होता, पट्टा ओढत होता. नाना म्हणाले, "हो, थोडं थांबू त्याच्यासाठी."

नाना फार समजूतदार आहेत. आईला नेहमी वाटायचं, त्यांना कशाचं काही पडलेलं नसतं. तसं नाहीये.

३ डिसेंबर

आज टेलरबाईंनी दोन गोष्टी एकदम आणल्या. एक, खाकीचं जॅकेट. पोटावर बटण लागत नव्हतं म्हणून मीच दुरुस्तीला दिलं होतं. लोकर धुवून आटली असणार. दुसरी, नानांची विजार, कमरेत दोन इंच आत घेतलेली. नानांनी परस्परच नेऊन दिली होती, मला पत्ताही नाही.

टेलरबाई म्हणाल्या, "ताई, एकाला घट्ट होतंय, एकाला ढगळ होतंय. तुमच्या घरात चाललंय काय?"

मी हसले. म्हटलं, "जुनं कापड सैल पडतं आणि लोकर धुतली की आटते, तुम्हाला मी सांगायचं का?"

त्यांनी सुई तोंडात धरली होती, त्यामुळे पुढे काही बोलल्या नाहीत. फक्त बघत राहिल्या. फार चौकस बाई आहे.

७ डिसेंबर, रविवार

साडेपंधरा. आता मी घाबरले आहे, लिहून टाकते. आईलाही असंच झालं होतं. आधी वजन, मग सगळं. तेव्हा माझं लक्ष नव्हतं, मी टेम्पोवाल्यांशी भांडत बसले होते. कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. या वेळी डोळ्यात तेल घालून बसलेय. या वेळी माझ्या हातून सुटणार नाही.

जेवणाच्या वेळी आत डोकावून नानांना म्हटलं, "तो गेला तर मला तुमच्याकडे बघवणार नाही." मला म्हणायचं होतं दुसरंच, आलं हे.

नाना म्हणाले, "नाही जाणार गं. मी बघतो ना त्याच्याकडे."

१४ डिसेंबर, रविवार

पंधरा. वजनाला चढताना खाकी पायरीशीच बसला. मागचे पाय उचलेनात. नानांनी खाली बसून त्याला चुचकारलं, मग दोघेही उठेनात. शेवटी मी नानांना हात दिला आणि नानांनी खाकीला. काट्यावर चढेपर्यंत दोघांना धाप लागली होती.

मंगळवारी दिवसभर ऑफिस बंद ठेवतेय. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा, पहिल्यांदा आई गेली तेव्हा. दारावर कागद लावला.

१६ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू आणि कसं लिहू.

डॉक्टरांकडचा काटा जमिनीत बसवलेला आहे, बाजूला कठडे. खाकीला आत ढकललं. आकडा आला साडेवीस.

मी म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय."

डॉक्टर म्हणाले, "काटा ठीक आहे. कुत्रा गोल झालाय. अडीच किलो वाढलाय तो, म्हणून पाय उचलत नाही. काय खायला घालता?"

मी रजिस्टर दाखवलं. भात, अंडं, सूप, सगळं वाटी-वाटीने लिहिलेलं. ते म्हणाले, "हे थोडं जास्त आहे, पण एवढ्याने इतका वाढणार नाही. घरात आणखी कोण खायला घालतं?"

"कोणी नाही. घरात आम्ही दोघंच, मी आणि वडील."

त्यांनी माझे रविवारचे आकडे पुन्हा पाहिले. अठरापासून पंधरापर्यंत. "हे कसे काढले?"

मी रीत सांगितली. एकूण वजा नाना.

डॉक्टरांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वडिलांना किती दिवसांत पाहिलं नाहीत?"

मी चिडले. म्हटलं, "रोज बघते की, एकाच घरात राहतो."

ते एवढंच म्हणाले, "घरी जाऊन एकदा काटा तपासा."

घरी येऊन तपासणीची लोखंडी वजनं काढली. वीस ठेवलं, वीस दाखवलं. चाळीस ठेवलं, चाळीस. माझ्या काट्यात खोट नाही. मग खाली बसले तशी बसूनच राहिले. रविवारी दोघे मिळून शहात्तर होते. खाकी साडेवीस. शहात्तरातून साडेवीस गेले की साडेपंचावन्न उरतात.

आत गेले. नाना स्वेटरवर स्वेटर घालून खुर्चीत बसले होते. म्हटलं, "नाना, जरा काट्यावर उभे राहा. एकटे." ते म्हणाले, "खाकीला घेतो की." म्हटलं, "नाही, तुम्ही एकटे."

साडेपंचावन्न.

सहा आठवड्यांत साडेपाच किलो. पार्सल हातात घेतलं की दोनशे ग्रॅमच्या आत वजन सांगते अशी माझी ख्याती आहे. बाजारातली माणसं पैज लावायला येतात. आणि रविवारी त्यांचा हात धरून उठवलं, तो दंड माझ्या मुठीत आला होता, तरी मी खाकीकडेच बघत होते. मी माझ्या बापाला पेटी धरलं. एकदा मोजली आणि आकडा लिहून टाकला.

१७ डिसेंबर

सकाळी ऑफिस उघडलं नाही. दोन ताटं वाढली आणि नानांच्या समोर बसले. खाकीला बाहेर काउंटरखाली बांधलं, तो दार खरवडत होता.

नानांनी चार घास खाल्ले आणि सवयीने हात टेबलाखाली नेला. खाली कोणी नव्हतं. हात तसाच वर आला, घास बोटांत.

म्हटलं, "कधीपासून?"

"आधी थोडंच द्यायचो. तुझी आई गेल्यापासून मला एकट्याला गिळवत नाही गं. तो बघत बसतो, तेवढी सोबत."

"आणि मग?"

"मग तू दर रविवारी सांगायला लागलीस, तो घटतोय. सतरा झाला, सोळा झाला. तुझा चेहरा बघवत नव्हता. म्हटलं, आपण आणखी थोडं देऊ, भरेल. पण दर वेळी तू आणखी कमी सांगायचीस. मग मी आणखी द्यायचो."

मी त्यांना आकडे सांगत होते आणि ते ताट रिकामं करत होते. ते ताट रिकामं करत होते म्हणून माझे आकडे घटत होते. आम्ही दोघांनी मिळून सहा आठवडे ही चक्की चालवली आणि पीठ सगळं कुत्र्याच्या पोटात गेलं.

म्हटलं, "अहो, पण स्वतःचा जीव धोक्यात घालून? कुत्र्यासाठी?"

नाना म्हणाले, "कुत्र्यासाठी कुठे. तुझ्यासाठी. आई गेल्यापासून तू रडली नाहीस, धड बसून जेवली नाहीस. खाकीचं अंथरूण, खाकीचं जॅकेट, खाकीचं पाणी, त्यातच तुझा दिवस जात होता. मला वाटलं, त्याला काही झालं तर हिचं कसं होईल."

मी रडले. ताटावर बसून, हात खरकटा तसाच. खूप वेळ रडले. नानांनी मला थांबवलं नाही. बाहेर खाकीही सुरात सूर मिसळायला लागला, तेव्हा दोघांनाही हसू आलं.

२१ डिसेंबर, रविवार

भिंतीवरचा कागद फाडून नवीन लावला. जेवण दोघांनी एकत्र, टेबलाशी, बसून. ऑफिस दुपारी पाऊण तास बंद, ज्याला घाई असेल त्याने बाहेर थांबावं. जेवताना खाकी बाहेर. खाकीचं अंडं आता नानांना. खाकीला मोजून दोन वाट्या, वर काही नाही, त्याने कितीही अनाथासारखं तोंड केलं तरी.

नानांना माणसांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. आजार काही नाही, अंगात रक्त कमी आहे आणि अशक्तपणा. जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, "थंडीत यांना उबेत ठेवा, रोज थोडं चालवा, वजनावर लक्ष ठेवा." मी म्हटलं, तोंडपाठ आहे.

वजनाची रीतही बदलली. आधी नाना एकटे, मग दोघे, दर आठवड्याला दोन्ही ताजे. नाना छप्पन्न. खाकी साडेवीस.

४ जानेवारी, रविवार

नाना साडेछप्पन्न. खाकी वीस.

बाहेर उभ्या गाडीच्या काचेवर सकाळी गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता. नानांच्या खुर्चीखालीही लाकडी फळी टाकली, पाय गार पडतात त्यांचे. नाना म्हणाले, "आता मलाही जॅकेट शिव." टेलरबाईंकडे विचारलं. आईच्या कोटाचं कापड थोडं उरलं होतं, त्याची बिनबाह्यांची बंडी होईल म्हणाल्या. माप घेताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, या वेळी सैलसरच शिवते. भरायला जागा हवी." मी मान खाली घालून हो म्हटलं. त्या दिवशी हसले होते ते आठवलं.

१८ जानेवारी, रविवार

नाना सत्तावन्न, खाकी तेवढाच, वीस. या आठवड्यात खाकीने चोरून पाव पळवला. नानांनी शपथेवर सांगितलं की आपण दिला नाही. विश्वास ठेवला, कारण पाकीट काउंटरखाली फाडलेलं सापडलं आणि तिथे मीच विसरले होते.

धुकं दाट होतं तेव्हा तीन दिवस फिरणं बंद. ऑफिसातच फेऱ्या घातल्या, दारापासून काट्यापर्यंत वीस वेळा. ग्राहक बघत होते. राखाडी बंडीतले नाना पुढे, राखाडी जॅकेटमधला खाकी मागे. बघू देत.

१ फेब्रुवारी, रविवार

बागेपर्यंत न थांबता गेलो. नाना बाकाजवळ आल्यावर म्हणाले, "आज त्याच्यासाठी थांबायला नको." म्हटलं, "नको ना?" म्हणाले, "नको." खाकी तेवढ्यात थांबलाच, पण त्याचं कारण बाकाचा पाय होता.

नाना अठ्ठावन्न. खाकी एकोणीस.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज दहालाच ऊन चटकायला लागलं. जॅकेट आणि बंडी धुवून एकाच दोरीवर वाळत टाकली. खाकी पायरी एका दमात चढला, विचार न करता. काढला त्याने हिवाळा.

नाना साडेअठ्ठावन्न. खाकी साडेअठरा. मी लिहीत होते, तर नाना काट्यावरून उतरून माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "पेन दे इकडे. आता तू चढ."

म्हटलं, "माझं काय करायचंय? मला कुठे काय झालंय?"

"घड्याळाच्या पट्ट्याला तीन भोकं पाडलीयेस. मी काय आंधळा आहे? चढ."

चढले. बावीस वर्षं त्या काट्याच्या मागे उभी आहे, पत्र्यावर पहिल्यांदाच. पायाखाली हलतो तो, खाकी का उडी मारायचा ते कळलं. नानांनी चष्मा वर करून आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टर स्वतःच्या छातीशी धरून लिहिलं.

"किती आलं?"

"आधी जेवायला बस. मग सांगतो."

जेवण झाल्यावर ते आडवे झाले, खाकी त्यांच्या पायाशी. आत्ता रजिस्टर उघडलंय. आकडा आहे, तो मी इथे पुन्हा लिहीत नाही. पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात नानांचं थरथरतं अक्षर आहे: 'जेवली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.'